काउंटरवर दोनच का उरले?

अँड्रॉइड घेऊ की आयफोन? बारावीचा निकाल लागतो, पहिला पगार होतो, दिवाळीचा बोनस येतो आणि हा प्रश्न घरात येतोच. मित्र कॅमेऱ्याचं सांगतात, काका रीसेलच्या किमतीचं सांगतात, दुकानदार ईएमआयचं गणित मांडतो. सगळ्यांचं आपापल्या जागी बरोबर असतं. पण या प्रश्नाचं वय फार नाही. २०१०च्या सुमारास तुम्ही मोबाइलच्या दुकानात गेला असता, तर काचेखाली सिम्बियनवर चालणारे नोकिया होते, ब्लॅकबेरी होते, सॅमसंगच्या स्वतःच्या बाडा सिस्टिमवरचा वेव्ह होता, विंडोजचे फोन होते, नवेनवे अँड्रॉइड होते आणि खिशाला न परवडणारा आयफोन होता. सहा वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम. सहा वेगळे संसार.

गार्टनर या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१६च्या शेवटच्या तिमाहीत जगात विकल्या गेलेल्या दर १०० स्मार्टफोनांपैकी ९९हून जास्त फोन अँड्रॉइड किंवा आयओएसवर चालणारे होते. सहा-सात वर्षांत बाकीचे सगळे साफ झाले. ते कसे गेले, हे माहीत असलं तर आज काउंटरवर उभं राहून करायची निवड थोडी वेगळी दिसते. कारण हरलेल्यांपैकी काही फोन खरंच चांगले होते, आणि तरी ते विकत घेणाऱ्यांच्या हातात काही वर्षांनी नुसती काच आणि प्लास्टिक उरलं.

नोकियाचं राज्य

सुरुवात नोकियापासूनच करावी लागते. २००३ साली आलेला नोकिया ११०० आठवतो? नसेल आठवत, तर घरात आई-बाबांना विचारा. वर टॉर्च, धूळ आत जाऊ न देणारा कीपॅड, आणि दिवसेंदिवस टिकणारी बॅटरी. जगभर हा फोन २५ कोटींहून जास्त विकला गेला. २००६मध्ये नोकियाने चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूरला कारखाना सुरू केला. तिथे हजारो कामगार काम करत आणि त्यांत तरुण मुलींची संख्या मोठी होती.

११०० हा साधा फोन. नोकियाचे स्मार्टफोन चालायचे ते सिम्बियनवर. १९९८मध्ये सायॉन ही ब्रिटिश कंपनी, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिम्बियन नावाची कंपनी काढली. छोट्या हँडहेल्ड संगणकांसाठी सायॉनने लिहिलेलं सॉफ्टवेअर हा तिचा पाया. त्या काळी फोनमध्ये मेमरी अगदी थोडी असायची आणि बॅटरी लहान. सिम्बियन त्या काटकसरीसाठीच बनलेलं होतं, आणि त्यात ते तरबेज होतं. २००७ साली जगात विकल्या जाणाऱ्या दर १० स्मार्टफोनांमध्ये ६हून जास्त सिम्बियनचे होते.

मग अडलं कुठे? काटकसरीचं हे सॉफ्टवेअर लिहायला अवघड होतं. सिम्बियनसाठी ॲप बनवणाऱ्याला मेमरीचा प्रत्येक कण हाताने सांभाळावा लागे. त्यात एकाच सिम्बियनचे अनेक अवतार: नोकियाच्या फोनवर एक, सोनी एरिक्सनवर दुसरा, जपानमध्ये तिसरा. एकासाठी लिहिलेलं दुसऱ्यावर चालेलच असं नाही. ॲप फोनच्या आतल्या महत्त्वाच्या गोष्टींना हात लावणार असेल तर प्रमाणपत्र काढा, त्याचे पैसे भरा. आणि एवढं करून ते लोकांपर्यंत पोचवायचं कसं? कुठल्या तरी वेबसाइटवरून फाइल उतरवायची, केबलने किंवा ब्लूटूथने फोनवर टाकायची. कॉलेजात मित्राच्या फोनवरून ब्लूटूथने गेम घेणारी पिढी ती हीच.

फोन विकणाऱ्या कंपन्यांना तेव्हा यात फार काही चुकतंय असं वाटलं नाही. फोन म्हणजे यंत्र, आणि यंत्र चांगलं असलं की गिऱ्हाईक येतंच, असा सगळ्यांचा हिशेब होता.

दुकान फोनच्या आत आलं

९ जानेवारी २००७ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टीव्ह जॉब्सने पहिला आयफोन दाखवला. आज त्या भाषणाचे व्हिडिओ पाहिले की वाटतं, त्याच दिवशी सगळं बदललं. प्रत्यक्षात त्या पहिल्या आयफोनवर बाहेरच्या कुणाचंही ॲप टाकता येत नव्हतं. थ्रीजी नव्हतं, कॉपी-पेस्ट नव्हतं. ॲप बनवायचं असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं बनवा, असं ॲपलने डेव्हलपरांना सांगितलं होतं.

खरा बदल दीड वर्षाने आला. १० जुलै २००८ला ॲप स्टोअर उघडलं. पहिल्या दिवशी सुमारे ५०० ॲप होती. आता फोनच्या आतच दुकान होतं: बोट टेकवलं की ॲप उतरणार, पैसे कापले जाणार, त्यातले ७० टक्के बनवणाऱ्याला आणि ३० टक्के ॲपलला. लातूरमधला एखादा पोरगा आणि कॅलिफोर्नियातली एखादी कंपनी एकाच दुकानात, एकाच अटीवर माल मांडू शकत होते. प्रमाणपत्र आणि तपासणी इथेही होतीच, पण गिऱ्हाईक शोधत फिरायचं काम संपलं.

भारतात आयफोन आला २२ ऑगस्ट २००८ला, एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत. आठ जीबीच्या आयफोन थ्रीजीची किंमत होती ३१,००० रुपये. अमेरिकेत तोच फोन दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत होता, म्हणजे बाकीची किंमत तिथली मोबाइल कंपनी बिलातून हळूहळू वसूल करत होती. आपल्याकडे ती पद्धत नव्हती. आपण प्रीपेडवाले, सिम वेगळं, फोन वेगळा, आणि फोनचे पैसे एकरकमी. त्यामुळे आयफोन इथे आला तो काचेआडून बघायची वस्तू म्हणून.

दुसरा रस्ता गुगलचा. अँड्रॉइड नावाची छोटी कंपनी २००३ साली पालो आल्टोमध्ये सुरू झाली होती. गुगलने ती २००५मध्ये विकत घेतली. नोव्हेंबर २००७मध्ये गुगलने फोन बनवणाऱ्या आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांची ओपन हँडसेट अलायन्स ही आघाडी जाहीर केली, आणि २००८च्या शेवटी एचटीसीने बनवलेला पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. अँड्रॉइडचा मूळ कोड फुकट होता. तैवान, कोरिया, चीन, भारत, कुठल्याही कंपनीने घ्यावा आणि फोन बनवावा. स्वतःची सिस्टिम लिहायला लागणारी वर्षं आणि माणसं वाचली. गुरगावच्या मायक्रोमॅक्सने २०१२मध्ये दहा हजारांच्या आत कॅनव्हास २ आणला तो याच जोरावर. भारतातल्या असंख्य घरांतला पहिला स्मार्टफोन अशाच कुठल्या तरी कंपनीचा होता.

फुकटात एक मेख होती, पण तिच्याकडे पुढे येऊ.

११ फेब्रुवारी २०११

आपण जो प्रश्न दुकानात विचारतो, तोच प्रश्न २०११च्या सुरुवातीला नोकियाच्या संचालकांसमोर होता. सिम्बियनवर राहायचं नाही हे जवळपास ठरलं होतं. मग जायचं कुठे?

सप्टेंबर २०१०मध्ये स्टीफन एलॉप मायक्रोसॉफ्टमधून नोकियाचे प्रमुख म्हणून आले होते. फेब्रुवारीत त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र फुटलं. त्यात त्यांनी समुद्रातल्या पेटलेल्या तेलविहिरीच्या मचाणाची गोष्ट सांगितली होती: मचाणावरच्या माणसाने आगीत राहायचं की बर्फासारख्या पाण्यात उडी मारायची? प्रतिस्पर्ध्यांनी लढाईच बदलली आहे, हे त्या पत्राचं सार होतं. आता एक फोन विरुद्ध दुसरा फोन असा सामना उरलेला नाही. फोन, ॲप, डेव्हलपर, जाहिराती, सर्च, नकाशे असा सगळा गोतावळा विरुद्ध दुसरा गोतावळा असा तो आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

आणि तरीही ११ फेब्रुवारी २०११ला नोकियाने तिसरीच वाट निवडली. विंडोज फोन. अँड्रॉइड का नाही, याचं कारण एलॉप यांनी पुढे सांगितलं. अँड्रॉइडच्या बाजारात एकच हार्डवेअर कंपनी बाकीच्यांना गिळून मोठी होईल आणि आपण मागाहून आलेले ठरू, ही त्यांना भीती होती. सॅमसंगकडे पाहता ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. नोकियाच्या हातात स्वतःचा मीगोही होता. त्याच वर्षी आलेल्या नोकिया एन९ला समोर एकही बटण नव्हतं, सगळं बोट सरकवून चालायचं. पुढे २०१७मध्ये आयफोन टेनने होमचं बटण काढलं तेव्हा एन९ पाहिलेल्यांना ते ओळखीचं वाटलं. पण एन९ बाजारात आला तेव्हा कंपनीने आपला मार्ग आधीच बदललेला होता. ज्या गावाला जायचंच नाही असं मालकानेच सांगितलंय, तिथे घर कोण बांधणार?

लुमिया फोन दिसायला देखणे होते. भारतात स्वस्तातला लुमिया ५२० बऱ्यापैकी चालला, आणि २०१३च्या लुमिया १०२०ला ४१ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. कमी मेमरीतही विंडोज फोन अडखळत नसे, जे तेव्हाच्या स्वस्त अँड्रॉइडबद्दल म्हणता येत नव्हतं. यंत्र म्हणून त्यांत फारशी खोट काढता आली नसती.

खोट दुसरीकडे होती. इन्स्टाग्राम आयफोनवर २०१०मध्ये आलं, अँड्रॉइडवर एप्रिल २०१२मध्ये, आणि विंडोज फोनवर नोव्हेंबर २०१३मध्ये, तेही अर्धवट, व्हिडिओ न काढता येणारं बीटा. यूट्यूबचं धड ॲप गुगल देईना, म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१३मध्ये स्वतः बनवलं. गुगलने आक्षेप घेऊन ते बंद पाडलं, सुधारून पुन्हा आणलं तर पुन्हा अडवलं. डेव्हलपर म्हणायचे, तिथे माणसं नाहीत तर ॲप कशाला बनवू? माणसं म्हणायची, तिथे ॲप नाहीत तर फोन कशाला घेऊ? हे चक्र एकदा उलटं फिरायला लागलं की पैसा ओतून थांबत नाही. मायक्रोसॉफ्टने ओतून पाहिला. सप्टेंबर २०१३मध्ये नोकियाचा फोनचा धंदा ५४४ कोटी युरोंना घ्यायचं ठरलं, आणि जुलै २०१५मध्ये त्याच धंद्यापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकावे लागले.

श्रीपेरुम्बुदूरचा कारखाना करांच्या वादामुळे त्या सौद्याबाहेर राहिला. नोव्हेंबर २०१४मध्ये तो बंद झाला. फिनलंडमधल्या निवडीचा हिशेब तमिळनाडूतल्या, विशी-पंचविशीतल्या कामगारांनी चुकता केला. पुढे सॅलकॉम्प या कंपनीने ती जागा घेतली. ही कंपनी चार्जर बनवते आणि तिच्या गिऱ्हाइकांत ॲपल आहे.

पिन सांग ना

ब्लॅकबेरीची गोष्ट याच काळातली, पण वेगळं शिकवणारी. आज आपण नंबर मागतो तसा २०१०च्या आसपास मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत पिन मागितला जायचा. ब्लॅकबेरी मेसेंजर, म्हणजे बीबीएम, फक्त ब्लॅकबेरीवर चालायचं. ग्रुप तिथे, गप्पा तिथे, ज्याच्याकडे ब्लॅकबेरी नाही तो बाहेर. ही भिंत कंपनीला आपली ताकद वाटली.

व्हॉट्सॲपने उलट केलं. २००९मध्ये आयफोनवर सुरू झालेलं हे ॲप सिम्बियन, ब्लॅकबेरी, अँड्रॉइड, विंडोज, अगदी नोकियाच्या साध्या एस४० फोनांवरही पोचलं. फोन कुठला हा प्रश्नच त्याने काढून टाकला. बीबीएम दुसऱ्या फोनांवर आलं तोवर ऑक्टोबर २०१३ उजाडला होता आणि ग्रुप कधीच हलले होते. ४ जानेवारी २०२२ला जुन्या ब्लॅकबेरी फोनांच्या सेवा बंद झाल्या.

पण व्हॉट्सॲपने दार उघडलं तसं ते बंदही केलं. सिम्बियनच्या एस६० फोनांवर ३० जून २०१७नंतर, आणि विंडोज फोनवर ३१ डिसेंबर २०१९नंतर व्हॉट्सॲपचा आधार गेला. हातातला लुमिया चालू होता, बॅटरी टिकत होती, कॅमेरा छान होता. घरचा ग्रुप मात्र त्यावर येणार नव्हता. भारतात फोन मेला असं म्हणायला एवढं पुरेसं असतं.

आपल्याकडचे तिसरे

तिसरा फोन काढायचे जगातले बरेच प्रयत्न भारतातच झाले, कारण पहिला स्मार्टफोन घ्यायचे बाकी असलेले कोट्यवधी लोक इथे होते. ऑगस्ट २०१४मध्ये इंटेक्सने फायरफॉक्स ओएसवरचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना आणला. जानेवारी २०१५मध्ये सॅमसंगने टायझनवरचा झेड१ ५,७०० रुपयांना आणला. दोन्हींची किंमत लोकांना पटली, पण दोन्हींचं दुकान रिकामं होतं.

फायरफॉक्स ओएस बंद पडल्यावर त्याच्याच कोडमधून कायओएस निघालं, आणि ते २०१७मध्ये १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर मिळणाऱ्या जिओफोनमध्ये आलं. हा मात्र खूप चालला. तरी त्यावर व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर २०१८ उजाडलं. आणि २०२१मध्ये जिओने पुढचा फोन काढला, तो गुगलबरोबर, अँड्रॉइडवर.

मुंबईची इंडस ओएस ही यातली आपल्या सगळ्यात जवळची गोष्ट. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांची ही कंपनी. तिने अँड्रॉइडच्याच पायावर भारतीय भाषांसाठी सिस्टिम बनवली आणि २०१५पासून मायक्रोमॅक्ससारख्या फोनांवर दिली. त्या वेळी मराठीतून फोन वापरणं किती कटकटीचं होतं, हे आज सांगून खरं वाटणार नाही. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. काहींवर अक्षरं दिसत, पण वेलांटी भलत्या जागी आणि जोडाक्षरं फुटलेली. मराठी वाचायचं म्हणून लोक ऑपेरा मिनीच्या छुप्या सेटिंगमध्ये शिरून अक्षरांऐवजी त्यांची चित्रं मागवायचे. म्हणजे अक्षर सर्व्हरवर तयार होणार आणि फोनवर चित्र म्हणून येणार.

मग २०१४मध्ये अँड्रॉइड ५मध्ये मराठी मेन्यू आला आणि आयओएस ८मध्ये मराठी कीबोर्ड आला. दोघांनाही हे एकाच वर्षी सुचलं, कारण दोघांनाही इथला बाजार दिसत होता. २०१६ साली काउंटरपॉइंटने भारतातल्या फोनांची मोजणी केली, तेव्हा इंडस ओएस आयओएसच्याही पुढे, दुसऱ्या क्रमांकावर होतं. पुढे चिनी कंपन्यांच्या लाटेत मायक्रोमॅक्स मागे पडली आणि इंडसचा आधार गेला. कंपनी ॲप स्टोअरकडे वळली, फोनपेने ती घेतली, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांतलं इंडस ॲपस्टोअर सुरू झालं. ज्या भाषेच्या जोरावर इंडस उभं राहिलं, ती भाषा तोवर दोन्ही मोठ्यांनी आपल्या घरात घेतली होती. आपल्या फोनवर नीट उमटणारं मराठी हे अशा स्पर्धेतून आलेलं आहे. स्पर्धक गेला, मराठी राहिलं.

फुकटातली मेख

आता अँड्रॉइडच्या फुकटपणाकडे. कोड फुकट असला तरी प्ले स्टोअर तसं नाही. फोनवर प्ले स्टोअर हवं तर गुगल सर्च, क्रोम असा गुगलचा संचही टाकायला हवा, आणि अँड्रॉइडचे गुगलला मान्य नसलेले अवतार विकायचे नाहीत, अशा अटी गुगलच्या करारांत होत्या. २०१२मध्ये एसर कंपनी चीनमधल्या अलीबाबाच्या अलियुन सिस्टिमवर फोन काढणार होती. गुगलच्या दबावानंतर तिने कार्यक्रमच रद्द केला.

भारतात या अटींविरुद्ध तक्रार घेऊन जाणाऱ्यांत कुठलीही बलाढ्य कंपनी नव्हती. दोन तरुण संशोधन सहायक आणि कायद्याचा एक विद्यार्थी असे ते तिघे होते. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३मध्ये अपिलात आयोगाचे काही आदेश रद्द झाले, पण दंड कायम राहिला. त्याआधीच जानेवारीत गुगलने भारतापुरते काही नियम सैल केले, त्यांत फोन बनवणाऱ्यांना गुगलची ॲप सुटी घेण्याची मुभा होती. भारतातले शंभरातले सुमारे ९५ फोन अँड्रॉइडचे, त्यामुळे ही लढाई आपल्याच खिशातली होती.

ॲपलच्या घरी अटी वेगळ्या. तिथे सिस्टिम दुसऱ्या कुणाला मिळतच नाही, आणि ॲपचं दुकान वर्षानुवर्षं एकच होतं. मार्च २०२४पासून युरोपच्या कायद्यामुळे तिथल्या आयफोनांवर दुसरी दुकानं येऊ लागली. आणि दोघांचं वैर आपल्याला वाटतं तेवढं कडवं नाही. आयफोनच्या ब्राउझरमध्ये गुगल सर्च आधीपासून लावून ठेवण्यासाठी गुगलने ॲपलला एकट्या २०२२ सालात सुमारे २,००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. दुकानात आपण ज्या दोन पक्षांत भांडतो, त्यांचा आपसातला व्यवहार असा आहे.

बाहेर पडायची किंमत

इतक्या गोष्टींतून एक धागा निघतो. फोनची किंमत आपण आत शिरताना मोजतो: ३१,०००, १,९९९, अमुक हप्ते. पण सिम्बियन, ब्लॅकबेरी, लुमिया घेतलेल्यांना खरा फटका बसला तो बाहेर पडताना. विकत घेतलेली ॲप मागे राहिली, गप्पा मागे राहिल्या, मेसेंजरवरचे ग्रुप मागे राहिले. आज दोनच सिस्टिम उरल्यावर ही बाहेर पडायची किंमत कमी व्हायला हवी होती. ती फार सावकाश कमी होते आहे, कारण ती कमी करण्यात दोघांनाही विशेष रस नाही. २०२१च्या एका अमेरिकन खटल्यात ॲपलच्या अधिकाऱ्यांचे जुने ईमेल बाहेर आले. आयमेसेज अँड्रॉइडवर दिलं तर आयफोनवाल्या घरांत मुलांना अँड्रॉइड घेऊन देण्यातला अडसर निघून जाईल, असा त्यांचा रोख होता. व्हॉट्सॲपच्या गप्पा आयफोनवरून अँड्रॉइडवर अधिकृतपणे न्यायची सोय २०२१मध्ये सुरू झाली, आणि उलट दिशेने २०२२मध्ये. तोपर्यंत फोन बदलणाऱ्या कित्येकांचे, आता हयात नसलेल्या आजी-आजोबांचे व्हॉइस मेसेज जुन्या फोनच्या डबीतच राहिले.

काही बाबतींत मात्र चढाओढ अजून कामी येते. २०१३चा आयफोन ५एस जानेवारी २०२३मध्येही सुरक्षेचा अपडेट मिळवत होता. बहुतेक अँड्रॉइड फोनांना तेव्हा दोन-तीन वर्षांवर अपडेट मिळत नसत. ही तुलना उघड होत गेली, आणि गुगलने २०२३मध्ये पिक्सेल ८साठी, सॅमसंगने २०२४मध्ये गॅलेक्सी एस२४साठी सात वर्षांचं वचन दिलं. स्वस्त फोनांना हे अजून लागू नाही. म्हणजे १२,०००चा फोन आणि ८०,०००चा फोन यांतला फरक कॅमेऱ्यापेक्षा इथे जास्त आहे. हप्ते फिटल्यावर लवकरच ज्याचे अपडेट बंद होणार, तो फोन काउंटरवर दिसतो तेवढा स्वस्त नसतो.

तेव्हा अँड्रॉइड की आयफोन, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर इतिहास देत नाही. तो विचारायचे प्रश्न तेवढे देतो. या मॉडेलला अपडेट किती वर्षं, आणि ती वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजायची की मी घेतल्यापासून? माझे फोटो कुठल्या खात्यात जाणार, आणि तिथून सगळे एकदम काढून घेता येतात का? मी पैसे भरून घेतलेली ॲप आणि सबस्क्रिप्शन दुसऱ्या फोनवर चालतील का? घरातले बाकीचे कशावर आहेत, आणि मी वेगळा गेलो तर काय तुटेल?

दुकानदाराकडे यांची उत्तरं नसतील. कार्ड स्वाइप करायच्या आधी दहा मिनिटं बाजूला उभं राहून, हातातल्या जुन्या फोनवर ती शोधता येतात.